उचललेला पाय

डिचोलीच्या बगलरस्त्यावर वजनकाट्याची केबिन.
खडीचा ट्रक चढतो, लोखंड कण्हतं,
मी आकडा लिहितो. रिकामा परततो, पुन्हा लिहितो.
वजाबाकी ही माझी नोकरी.
दोन ट्रकांच्या मधे मी दाई असतो,
खारपूरची, सत्तर वर्षांची, डाव्या डोळ्यानं आंधळी,
आणि माझ्या हातून अजून एकही मूल दगावलेलं नाही.

खारपूर नकाशात नाही.
तिथे मीठ हेच नाणं,
म्हणून पाऊस झाला की सावकार भिकेला लागतात.
हे 'निळीशाई'नं ठरवलं. ती तीन भाऊ एकटी चालवते
आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.
'बेडूक चव्वेचाळीस' कर वसूल करतो;
मडगावचा असावा, चिडला की कोंकणीत जातो.
'तिरफळ' कंदील चोरायचा. त्याच्या पात्राचं नाव रातवा.

उदेश गावस ट्रकमधून उतरून खिडकीत वाकतो:
"कितें बरयता मरे सदांच?"
हिशेब, मी म्हणतो.
त्याला कसं सांगू, की मी सुरी उगारून थांबतो
आणि पुढचं मला ठाऊक नसतं.
की रात्री मी भिंतीत नुसती एक खुंटी लिहावी
आणि पहाटे तिच्यावर ओला कोट असावा,
कुणाचा, ते अजून कुणालाच माहीत नाही.

नियम एकच:
दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही.

ज्येष्ठात एका रात्री तिरफळनं लिहिलं,
"रातवा उंबरठ्यावर येतो, एक पाय उचलतो आणि"
बस्स. आणि.
पूर्णविरामसुद्धा नाही.

आठवडा गेला. चतुर्थी आली, माटोळी बांधली, उतरवली.
रातवा एका पायावर.
मग मी त्याच्या पायाखालून केर काढू लागले.
बेडकानं उंबरठा अडवल्याबद्दल रोज एक खडा मीठ दंड लावला
आणि थकबाकी गुपचूप स्वतःच भरत राहिला.
धाकट्या भावानं वर छत्री टांगली.
कुणाच्या तरी कोंबडीनं रातव्याच्या खिशात अंडं घातलं;
त्यावर दोन रात्री वाद, की खिसा कुणाचा.
खिसा तिरफळचा, असं ठरलं. ते अंडं रद्द झालं.
कोंबडीला पुन्हा घालायला लावलं,
या वेळी उचललेल्या पायाखाली.

माझा मामा पेडण्याच्या दशावतारी मंडळात राजा करायचा.
पाठ केलेलं काही नसायचं;
समोरच्यानं टाकलेला शब्द झेलायचा, परतवायचा.
एकदा भर रंगात समोरचा राक्षस गप्प झाला.
मामा मिशीवर बोट ठेवून उभा राहिला,
पेटीवाला सूर धरून बसला,
लोकांना वाटलं, राजा विचार करतोय.
किती वेळ, मी विचारलं होतं.
लागला तेवढा, म्हणाला.

काल, माघातल्या थंडीत, अडीच वाजता:
"हळूच बाजूला ठेवतो. अंड्याला धक्का नाही.
पायाला मुंग्या आल्यात. दाई, तेल आहे का गं?"

कुठे होतास, कुणी विचारलं नाही.
बेडकानं थकबाकी मिटल्याची पावती फाडली.
तिघे भाऊ पहिल्यांदाच एका वाक्यात मावले.
मी तेल कोमट करायला ठेवलं,
म्हणजे लिहिलं, ठेवलं म्हणून,
वाटीत ओतलं, वाटी उचलली
आणि उदेशचा ट्रक काट्यावर चढला.
सव्वीस टन चारशे.

"हात असो कित्याक धरला रे?"
मी पाहिलं. उजवा तळवा खोलगट,
जपून धरलेला, किंचित कलता.
आकडा डाव्या हातानं लिहिला.